पाठीवर थाप, पण पंख कोण तपासणार?

ऑगस्ट २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी या गावी एक तरुण स्वतः तयार केलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असता मरण पावला. वय चोवीस, शिक्षण आठवीपर्यंत, व्यवसाय पत्राकामाचा आणि वेल्डिंगचा. मोटारीचे जुने इंजिन आणि हाताने वाकविलेले लोखंडी नळ यांतून त्याने दोन वर्षे खपून ते यंत्र उभे केले होते. रात्रीच्या वेळी इंजिन चालवून पाहत असता शेपटीकडील पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले, आणि त्याचा घाव आत बसलेल्या या तरुणाच्या डोक्यावर बसला. स्वातंत्र्यदिनी आपले यंत्र गावापुढे मांडावयाचे, असा त्याचा बेत होता.

त्याआधी बरोबर एक वर्ष, ऑगस्ट २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवरून एका सहा आसनी विमानाने चाचणी-उड्डाण केले. हे विमान कॅप्टन अमोल यादव या व्यावसायिक वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न फसले होते; तिसऱ्यात सहाएक वर्षे गेली. आरेखनही त्यांचेच होते. उड्डाण झाले, विमान सुखरूप उतरले, आणि महाराष्ट्राला अभिमान वाटला. तो वाटणे योग्यच होते.

या दोन घटना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. फुलसावंगीची घटना हळहळण्यासाठी आणि धुळ्याची घटना टाळ्या वाजविण्यासाठी. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. सामान्य नागरिकाला स्वतःच्या हातांनी उडते यंत्र बांधावयाचे असेल, तर त्याने पहिली पायरी कोणती चढावी, त्याचे काम कोणाला दाखवावे, आणि 'हे आज उडवू नकोस' असे त्याला अधिकाराने कोणी सांगावे? मुंबईच्या वैमानिकाला या प्रश्नाचे उत्तर मिळावयास वर्षानुवर्षे लागली. फुलसावंगीच्या वेल्डरला ते मिळालेच नाही.

घरी विमान बांधतात ते कसे?

घरी विमान बांधणे हे ऐकावयास अद्भुत वाटले, तरी जगाच्या काही भागांत ते आता फारसे अद्भुत राहिलेले नाही. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात आरेखनापासून सर्व काही बांधणाऱ्याचे स्वतःचे असते. यादवांचा प्रयत्न या प्रकारचा. दुसऱ्यात सिद्ध झालेले नकाशे विकत घेऊन, साहित्य जमवून बांधणी केली जाते. तिसरा प्रकार सुट्या भागांच्या संचाचा. कारखाना पत्रे कापून, त्यांना नेमक्या जागी भोके पाडून, फासळ्या व आडव्या तुळया तयार करून पेट्यांतून पाठवितो. घेणारा ते भाग मोटारीच्या पडवीत जोडतो, हजारो रिव्हेट ठोकतो, तारा ओढतो, इंजिन बसवितो. दोन आसनी विमानाला फावल्या वेळातील दीड-दोन हजार तास सहज लागतात.

पहिला मार्ग असामान्य माणसांचा आहे आणि तो तसाच राहणार. संचाचा मार्ग मात्र शिक्षक, फिटर, शेतकरी, निवृत्त कारकून अशा सामान्य माणसांनी चोखाळलेला आहे, याचे कारण त्यात शहाणपणाचा मोठा भाग आधीच पेटीत भरून आलेला असतो. पंखाचा आकार योग्य आहे की नाही, याची चिंता बांधणाऱ्याला करावी लागत नाही. काम चोख झाले की नाही एवढीच चिंता त्याच्याकडे उरते. आणि ती चिंता दुसऱ्या जाणत्या माणसाला तपासता येते.

ही तपासणी हाच या साऱ्या व्यवहाराचा कणा होय. पंखाचा वरचा पत्रा एकदा बंद झाला की आतील रिव्हेट दिसत नाहीत. म्हणून जेथे ही प्रथा रुळली आहे तेथे पत्रा बंद करण्यापूर्वीच जाणकार येऊन आत पाहतो. बांधणारा रोजनिशी ठेवतो, टप्प्याटप्प्याची छायाचित्रे काढतो. विमान पूर्ण झाल्यावर प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून त्याचे वजन करतात आणि त्यावरून गुरुत्वमध्य काढतात, कारण तो थोडा मागे सरकला तरी विमान वैमानिकाच्या हाती राहत नाही. नाक वर उचललेल्या अवस्थेत इंजिनाला पुरेसे इंधन पोहोचते का, हे मोजतात. हाताळणीची दांडी डावीकडे केली असता झडपा खरोखरच योग्य दिशेला हलतात का, हे दोघे स्वतंत्रपणे पाहतात. हे पोरकट वाटेल, परंतु उलट जोडलेल्या तारांनी अनुभवी वैमानिकांचेही बळी घेतलेले आहेत. त्यानंतर धावपट्टीवर नुसते धावविणे, आणि मग कुठे पहिले उड्डाण.

कायदा शिडी होतो तेव्हा

अमेरिकेत या साऱ्याला कायद्यात स्वतंत्र घर आहे. विमानाचा मोठा हिस्सा ज्याने स्वतः, केवळ आपल्या शिक्षणासाठी किंवा छंदासाठी बांधला असेल, त्याला 'प्रायोगिक' या वर्गात परवाना मिळतो. लोकभाषेत याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. कायद्याच्या शब्दांत 'शिक्षण' हा हेतू नोंदलेला आहे, हे शिक्षकवर्गाने लक्षात घ्यावे. या परवान्याला अटी आहेत. भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. पहिले पंचवीस किंवा चाळीस तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडावे लागते, आणि त्या काळात उतारू बसविता येत नाही. विमानावर 'प्रायोगिक' हा शब्द ठळकपणे रंगवावा लागतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था मोठी उद्बोधक आहे. कारखान्यात शेकड्यांनी बनणाऱ्या विमानाच्या नमुन्याला मान्यता मिळविण्याचा खर्च एवढा असतो की तो शेकडो विमानांवर विभागला तरच परवडतो. एकच विमान बांधणाऱ्यावर तोच भार टाकणे म्हणजे त्याला नकार देणेच होय. मग शासनाने काय केले? धोका नाकारला नाही आणि डोळेही मिटले नाहीत. धोका कोणापर्यंत पोहोचू शकतो याची मर्यादा आखली आणि त्या मर्यादेच्या आत माणसाला मोकळे सोडले. आज तेथे अशी तीस हजारांहून अधिक विमाने नोंदलेली आहेत. हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी येथे स्थापन झाली. अनुभवी सभासद नवख्याच्या घरी जाऊन त्याचे काम पाहतात, हा तिचा सर्वांत मोलाचा उपक्रम आहे.

याचे फळ छंदापुरते राहिले नाही. त्याच विस्कॉन्सिनमधील बाराबू या गावी दोन भावांनी १९८४ च्या सुमारास आपल्या आईवडिलांच्या गायीगुरांच्या गोठ्यात एका संच-विमानाचे काम सुरू केले. पुढे त्यांच्याच कंपनीने सिरस ही विमाने काढली. लहान विमानांच्या बाजारात ती आज अग्रभागी आहेत. २०११ साली ती कंपनी चीनच्या सरकारी विमान उद्योगाने विकत घेतली. बर्ट रुटान हे १९७० च्या दशकापासून हौशी लोकांना नकाशे विकत होते. त्यांच्या आरेखनाच्या विमानाने १९८६ मध्ये वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २००४ मध्ये त्यांच्याच यानाने खाजगी खर्चाने अंतराळाची सीमा ओलांडली. गोठ्यातून उद्योग निघाला, आणि त्या उद्योगाची किंमत बीजिंगमध्ये बसलेल्या नियोजनकारांनाही कळली.

आपल्याकडे काय झाले?

आपल्याकडे हातांची उणीव नव्हती आणि बुद्धीचीही नव्हती. स्वतंत्र भारताचे पहिले प्रशिक्षण विमान एचटी-२ हे १९५१ साली आकाशात गेले, ते विष्णू माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञाच्या आरेखनावरून. फ्लाइंग क्लबांसाठी बनलेले पुष्पक हे लहान विमानही त्यांचेच. परंतु ती परंपरा सरकारी कारखान्याच्या भिंतीआड राहिली; भिंतीबाहेरच्या माणसाला तीत शिरावयास दार नव्हते.

यादव यांच्या वाटचालीत हे स्पष्ट दिसते. त्यांनी २०११ साली नोंदणीसाठी अर्ज केला. त्या काळी वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार, २०१४ मध्ये नियमावली बदलली आणि व्यक्तीला मिळणारी सवलत कंपन्यांपुरती उरली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिले आणि तेथून वातावरण पालटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली. नोंदणीचिन्हाची अक्षरे पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांच्या नावांवरून घेतली गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' परिषदेत राज्य सरकारने त्यांच्याशी पस्तीस हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. पालघर जिल्ह्यात १५७ एकर जमीन देण्याची घोषणा झाली. उड्डाण-चाचणीचा परवाना मात्र त्यानंतर, २०१९ च्या उत्तरार्धात मिळाला.

हा क्रम वाचकांनी पुन्हा एकदा पाहावा. विमान अद्याप एकदाही उडालेले नव्हते आणि पस्तीस हजार कोटींचा करार झालेला होता. ज्या गोष्टीसाठी एक परवाना, एक तपासनीस आणि एक रिकामी धावपट्टी पुरेशी होती, ती मागे राहिली. आणि ज्या गोष्टीची त्या क्षणी गरज नव्हती, ती थाटामाटात पुढे आली. यात कोणा एका पक्षाला किंवा अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ही आपली सार्वजनिक वृत्तीच आहे. आपण माणसाला आधी अडवितो, मग डोक्यावर घेतो. त्याच्या कामाजवळ बसून ते बारकाईने पाहण्याची मधली पायरी आपल्याला ठाऊकच नाही. मोठ्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून एका माणसाचे काम झाले, एवढ्याने वाट तयार होत नाही. त्याच्या मागून येणाऱ्या दुसऱ्याला पुन्हा हस्तक्षेपच शोधावा लागतो.

याच वृत्तीचे दुसरे रूप म्हणजे दंतकथेवरील प्रेम. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडविले, असे अभिमानाने सांगितले जाते. त्याला विश्वसनीय असा समकालीन पुरावा मिळत नाही. 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथातील विमाने उडूच शकत नाहीत आणि तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. विमानविद्येत अभिमानाला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे वजनाचे आकडे, चाचणीचे तास आणि तपासनिसाची सही. ही सवय नसली की आपण दंतकथेवरही विश्वास ठेवतो आणि न तपासलेल्या पात्याखालीही बसतो.

हातांचा प्रश्न नव्हे, व्यवस्थेचा आहे, याला एक ताजे उदाहरण पुरेसे आहे. मूळच्या केरळच्या एका अभियंत्याने इंग्लंडमध्ये टाळेबंदीच्या काळात दक्षिण आफ्रिकेतून चार आसनी विमानाचा संच मागविला, घराच्या अंगणात शेड घालून तो सुमारे दीड वर्षात जोडला, आणि २०२२ मध्ये ते विमान उडविले. पुढे तो पत्नी व मुलींसह युरोपात हिंडला. तेथे हौशी विमानांची देखरेख सरकार एका संघटनेवर सोपविते. तिचे निरीक्षक ठरावीक टप्प्यांवर येऊन पाहतात आणि सही करतात. माणूस आपलाच होता. इंग्लंडने त्याला फक्त निरीक्षक दिला.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, हे धनिकांचे चोचले आहेत. त्यात तथ्य आहे. त्या अभियंत्याचा खर्च एक लाख चाळीस हजार पौंडांच्या घरात गेला. एवढ्यात आपल्याकडे बंगला होतो. इंजिन परदेशी, उपकरणे परदेशी. तथापि फुलसावंगीचा तरुण धनिक नव्हता. व्यवस्था नसल्याची सर्वांत मोठी किंमत गरिबाने दिली. श्रीमंत माणूस परदेशी जाऊन आपला छंद पुरवितो. वेल्डर आपल्या दुकानातच प्रयोग करतो. तो प्रयोग करणार, हे गृहीत धरूनच धोरण आखावयास हवे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचे प्रमाण कारखान्यातील लहान विमानांहून अधिक आहे, असे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ च्या अभ्यासात स्पष्ट नोंदविले. इंजिन बंद पडणे आणि विमानावरील ताबा सुटणे ही त्यात प्रमुख कारणे होती, आणि पहिली काही उड्डाणे विशेष धोक्याची ठरली होती. यावर तेथे बंदी आली नाही. चाचणीची लेखी योजना असावी यावर भर दिला गेला, आणि २०१४ पासून चाचणी-उड्डाणात सोबत दुसरा जाणता वैमानिक घेण्याची सोय झाली. २०२३ मध्ये संच बनविणाऱ्या एका अग्रगण्य कंपनीच्या लेसरने कापलेल्या भोकांना चिरा जाऊ लागल्या. त्या ज्यांच्या लक्षात आल्या त्यांत घरोघरी रिव्हेट ठोकणारे लोक होते. कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला, आणि त्यातून ती २०२४ मध्ये बाहेर आली. उघडपणे घडलेली चूक उघडपणे दुरुस्त होते. लपूनछपून चालणाऱ्या प्रयोगात चूक कळते ती शवविच्छेदनाच्या वेळी.

तिसरा आक्षेप असा की, जेथे प्रवासी विमानांच्या तपासणीलाच माणसे अपुरी पडतात, तेथे हौशी लोकांसाठी निरीक्षक कोठून आणावयाचे? याचे उत्तर इंग्लंडच्या उदाहरणात आहे. निवृत्त विमान-अभियंते, वायुदलातील माजी तंत्रज्ञ, तंत्रनिकेतनांतील अध्यापक यांची यादी करून त्यांना मर्यादित अधिकार द्यावेत. शासनाने त्यांच्यावर देखरेख ठेवावी. यात पैशापेक्षा विश्वासाची गुंतवणूक अधिक आहे.

बेलोरा पन्नास-साठ किलोमीटरांवर

हा प्रश्न आज आमच्या अचलपूर-परतवाड्याच्या उंबरठ्यावर आला आहे. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तेथेच एअर इंडियाने दरवर्षी १८० वैमानिक तयार करणारी प्रशिक्षण संस्था योजिली आहे. तिच्यासाठी चौतीस प्रशिक्षण विमानांची मागणी नोंदविली गेली: एकतीस एका इंजिनाची, अमेरिकेच्या पायपर कंपनीची, तीन दोन इंजिनांची, ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची. वऱ्हाडच्या आकाशात विमाने घिरट्या घालतील, वऱ्हाडची मुले ती चालवितील. बनविणारे हात मात्र दुसरीकडचे असतील.

अचलपूरकरांना हा अनुभव नवा नाही. मूर्तिजापूरहून येणाऱ्या आमच्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले होते. ते आले वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. ते १९९४ पर्यंत चालले, याचे श्रेय ते रुळांवर ठेवणाऱ्या इथल्या फिटरांचे. सत्तर वर्षे इंजिन चालते ठेवणारा माणूस ते बनविणारा कधीच झाला नाही, कारण दुरुस्तीपासून निर्मितीपर्यंतची शिडी कोणी उभी केली नाही. याउलट अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने लहान दाल मिल विकसित केली, तिचे आरेखन तपासून सिद्ध केले आणि मग ती गावोगावच्या उद्योजकांच्या हाती दिली. तपासलेले ज्ञान लहान माणसाच्या हाती देता येते, हे याच मातीत सिद्ध झालेले आहे.

म्हणून अपेक्षा माफक आहे. व्यक्तीला आपल्या शिक्षणासाठी विमान बांधण्याची निःसंदिग्ध तरतूद नियमावलीत असावी, आणि ती दर दोन वर्षांनी बदलू नये. विभागातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा आयटीआयमध्ये संच-विमानाच्या केवळ शेपटीचा भाग जोडण्याची कार्यशाळा सुरू व्हावी. तिला आकाशात जाण्याची गरज नाही, पण विमानाचा रिव्हेट आणि कोठीच्या पत्र्याचा रिव्हेट यांत काय अंतर आहे, हे विद्यार्थ्याच्या बोटांना कळेल. यवतमाळ, अकोल्याची शिवणी अशा धावपट्ट्यांवर नेमून दिलेल्या दिवशी, मोकळ्या रानावरून चाचणीस मुभा असावी. आणि बेलोऱ्याला येणाऱ्या विमान-अभियंत्यांकडे महिन्यातून एक दिवस असा असावा की कोणीही आपले काम घेऊन त्यांच्यापुढे उभे राहावे.

अशा एखाद्या दिवशी फुलसावंगीचा तो तरुण आपल्या पात्याची छायाचित्रे घेऊन आला असता, तर काय झाले असते? कदाचित त्याचे हेलिकॉप्टर कधीच उडाले नसते. अभियंत्याने त्याला सांगितले असते की या लोखंडाला हा ताण सोसणार नाही. पंखे फिरवून पाहावयाचे तर यंत्र जमिनीला जखडून, आत कोणी न बसता, भिंतीआडून. त्याचा हिरमोड झाला असता. स्वातंत्र्यदिनाचा बेतही रद्द झाला असता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपले वेल्डिंगचे दुकान उघडावयास गेला असता.